विश्लेषण : ब्रेस्ट कॅन्सरच्या रिपोर्टमधील ‘केआय-६७’ आणि पेशीतील धागे पाहणारे वॉल्थर फ्लेमिंग

स्तनाच्या कर्करोगाचे निदान झाले की बायोप्सीच्या रिपोर्टमधील चार-पाच ओळी घरातले सगळे पुन्हा पुन्हा वाचतात. ईआर, पीआर, हर-टू आणि त्याखाली केआय-६७. पहिल्या तिघांपुढे बहुतेक वेळा पॉझिटिव्ह किंवा निगेटिव्ह असा शब्द असतो, त्यामुळे डॉक्टरांनी एकदा समजावून सांगितले की ते लक्षात राहते. केआय-६७ पुढे मात्र टक्केवारी असते. १४ टक्के, २२ टक्के, ४५ टक्के. हा आकडा जास्त की कमी, त्यावरून केमोथेरपी ठरते का, याची उत्तरे शोधायला गेले की इंटरनेटवर दर दुसऱ्या पानावर वेगळी मर्यादा सापडते आणि घबराट वाढते.

हा आकडा इतकेच सांगतो, की तपासलेल्या कर्कपेशींपैकी शेकडा किती पेशी विभाजनाच्या चक्रात शिरलेल्या आहेत. गाठ किती वेगाने वाढू पाहते आहे, याचा तो अंदाज. त्यातील ‘केआय’ ही अक्षरे जर्मनीच्या उत्तर किनाऱ्यावरील कील या बंदराच्या शहरावरून आली आहेत. याच शहरात, हा आकडा जन्माला येण्यापूर्वी जवळपास शंभर वर्षे, वॉल्थर फ्लेमिंग या शरीररचनाशास्त्राच्या प्राध्यापकाने एक पेशी दोन पेशी कशा होतात हे टप्प्याटप्प्याने पाहिले, चितारले आणि त्या क्रियेला ‘मायटोसिस’ हे नाव दिले. दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकात आपण ज्याला सूत्री विभाजन म्हणून शिकतो, ते हेच.

फ्लेमिंग म्हणजे पेनिसिलिनवाले का?

नाही. पेनिसिलिनचे अलेक्झांडर फ्लेमिंग हे स्कॉटिश आणि नंतरच्या पिढीतील. त्यांच्या आडनावात एक ‘एम’, तर या जर्मन फ्लेमिंगांच्या आडनावात दोन. मराठीत लिहिताना हा फरक पुसला जातो आणि गोंधळ पक्का होतो.

वॉल्थर फ्लेमिंग यांचा जन्म २१ एप्रिल १८४३ रोजी श्वेरिनजवळच्या झाक्सेनबर्ग येथे झाला. तेव्हा जर्मनी हे एकसंध राष्ट्र नव्हते. हा भाग मेक्लेनबर्गच्या संस्थानात होता. वडील कार्ल फ्रीडरिश फ्लेमिंग मनोविकारतज्ज्ञ होते. मनोरुग्णांना साखळदंडात ठेवण्याऐवजी त्यांच्यावर उपचार व्हावेत यासाठी झाक्सेनबर्गला मुद्दाम उभारलेल्या रुग्णालयाचे ते संचालक. वॉल्थर हे त्यांच्या दुसऱ्या पत्नीपासून झालेले, पाच अपत्यांपैकी सर्वांत धाकटे आणि एकुलते एक पुत्र. म्हणजे बालपण रुग्णालयाच्या आवारात आणि चार बहिणींच्या सहवासात गेले.

शाळेत असताना त्यांचा ओढा भाषा आणि साहित्याकडे होता. पुढे लेखक म्हणून नाव कमावलेले हाइनरिश झायडेल हे त्यांचे वर्गमित्र आणि आयुष्यभराचे स्नेही. मात्र, शिक्षण निवडले ते वैद्यकाचे. ग्योटिंगन, ट्युबिंगन, बर्लिन आणि रॉस्टॉक अशा चार विद्यापीठांत शिकून १८६८ मध्ये रॉस्टॉकहून त्यांनी पदवी घेतली. एका विद्यापीठातून दुसऱ्यात जाणे ही तेव्हाच्या जर्मन विद्यार्थ्यांची रीतच होती. ज्या विषयाचे नामवंत शिक्षक जिथे, तिथे जायचे.

पदवीनंतर त्यांनी दवाखाना थाटला नाही. रॉस्टॉकला प्राणिशास्त्रज्ञ फ्रान्झ आयलहार्ड शुल्झ आणि अॅमस्टरडॅमला शरीरक्रियाशास्त्रज्ञ विली क्यूने यांच्या हाताखाली ते काम करू लागले. तेवढ्यात १८७० चे फ्रान्स-प्रशिया युद्ध सुरू झाले आणि त्यांना लष्करी डॉक्टर म्हणून जावे लागले. युद्धानंतर पुन्हा सूक्ष्मदर्शकापाशी. १८७३ ते १८७६ अशी तीन वर्षे त्यांनी प्राग विद्यापीठात शिकवले आणि १८७६ मध्ये कीलला शरीररचनाशास्त्राचे प्राध्यापक म्हणून रुजू झाले. तेव्हा वय होते ३३. नंतर कीलमधून ते हललेच नाहीत.

पेशी कुठून येते, हा वाद होता

आज हे वाचताना प्रश्न पडेल, की पेशी विभागते हे काय कुणाला माहीत नव्हते? पेशी म्हणजे सजीवांचा मूळ घटक, हे १८३८-३९ मध्ये श्लायडेन आणि श्वान यांनी मांडले होते. पण नवी पेशी येते कुठून, याबद्दल त्यांची समजूत चुकीची होती. मिठाच्या पाण्यात स्फटिक बसावेत तशा पेशी द्रवातून ‘बसतात’ असे त्यांना वाटे. रॉबर्ट रेमाक आणि रुडॉल्फ फिरशो यांनी १८५० च्या दशकात ते खोडून काढले आणि पेशी ही आधीच्या पेशीतूनच जन्मते हे ठसवले.

तरीही पेशीच्या मध्यभागी असलेल्या केंद्रकाचे काय होते, हे कोडे उरलेच. विभाजनाच्या वेळी केंद्रक दिसेनासे होते आणि थोड्या वेळाने दोन नव्या पेशींत दोन केंद्रके दिसतात. मधल्या काळात जुने केंद्रक विरघळून नवे तयार होते का? अनेक जाणत्यांचे मत तसेच होते.

हा प्रश्न केवळ अभ्यासकांपुरता नव्हता. केंद्रक दर वेळी विरघळून नव्याने बनत असेल, तर एका पेशीकडून दुसरीकडे काही ‘जपून’ पोहोचते असे म्हणताच येत नाही. आणि ते जपून पोहोचत नसेल, तर एका बिघडलेल्या पेशीच्या लाखो बिघडलेल्या लेकी कशा होतात, म्हणजे कर्करोग कसा होतो, हेही सांगता येत नाही. फ्लेमिंग यांना कर्करोगाचे उत्तर हवे होते असे मात्र नाही. त्यांना फक्त केंद्रकाचे काय होते ते पाहायचे होते.

सॅलॅमँडरच्या पिल्लांची मदत

सॅलॅमँडर हा पालीसारखा दिसणारा, पण बेडकाच्या जातकुळीतला उभयचर. युरोपातील ओलसर जंगलांत काळ्या अंगावर पिवळे डाग असलेली त्याची जात आढळते. त्याची पिल्ले पाण्यात वाढतात, त्यांचे कल्ले आणि शेपटीचा पडदा जवळजवळ पारदर्शक असतो. याहून महत्त्वाचे म्हणजे, सॅलॅमँडरच्या पेशीत डीएनए माणसाच्या कित्येक पट असतो, त्यामुळे केंद्रके आणि गुणसूत्रेही भलीमोठी. डीएनएचे कारण फ्लेमिंग यांना ठाऊक असण्याची शक्यताच नव्हती; केंद्रके मोठी दिसतात एवढे पुरेसे होते. संशोधनात कुठला प्राणी निवडला यावर निम्मे यश ठरते, याचे हे उत्तम उदाहरण आहे.

पारदर्शक पिल्लाचा फायदा असा, की पेशी जिवंत असतानाच विभागताना पाहता येत होती. फ्लेमिंग तासन् तास एकाच पेशीवर नजर ठेवून बसत. मग तसाच ऊतक रसायनात बुडवून, पेशी जागच्या जागी गोठवून, रंग देऊन पुन्हा पाहत. जिवंत पेशीत अंधूक दिसलेली आणि रंगवलेल्या पेशीत ठळक दिसलेली आकृती जुळली, तरच ती खरी मानायची. कारण त्या काळी रंगवलेल्या पेशीत दिसणाऱ्या निम्म्या गोष्टी रसायनांमुळे झालेला ‘कचरा’ असतात, असा आक्षेप सर्रास घेतला जाई आणि तो पुष्कळदा खराही असे.

पेशी गोठवण्यासाठी त्यांनी क्रोमिक आम्ल, ऑस्मिक आम्ल आणि अॅसेटिक आम्ल यांचे एक मिश्रण तयार केले. ‘फ्लेमिंगचे द्रावण’ या नावाने ते पुढे कित्येक दशके प्रयोगशाळांत वापरले गेले. साधनेही त्याच सुमारास सुधारत होती. येना येथे अर्न्स्ट अॅबे आणि कार्ल झाइस यांनी १८७८ मध्ये तेलात बुडवून वापरायची भिंगे तयार केली आणि सूक्ष्मदर्शकाखालचे चित्र एकदम स्वच्छ झाले.

कपडे रंगवणारे रंग पेशीवर

तिसरी मदत मिळाली ती कापड उद्योगाकडून. १८५६ मध्ये विल्यम पर्किन या इंग्रज तरुणाच्या हातून योगायोगाने पहिला कृत्रिम अॅनिलिन रंग बनला. पुढच्या वीस वर्षांत जर्मनीत रंगांचे कारखाने उभे राहिले. सफ्रॅनिनसारखे हे कापडाचे रंग पेशीवर टाकले, की केंद्रकातील एक विशिष्ट द्रव्य ते अधाशासारखे शोषून घेते आणि बाकीचा भाग फिका राहतो, हे फ्लेमिंग यांच्या लक्षात आले. रंग घेणारे म्हणून त्या द्रव्याला त्यांनी ‘क्रोमॅटिन’ म्हटले. ‘क्रोमा’ म्हणजे ग्रीकमध्ये रंग.

विभाजन जवळ आले की हे क्रोमॅटिन धाग्यांच्या गुंत्यासारखे दिसू लागते, धागे आखूड व जाड होतात, पेशीच्या मध्यभागी ओळीने मांडले जातात आणि दोन बाजूंना सरकतात. फ्लेमिंग यांचे सर्वांत मोलाचे निरीक्षण यातले एक बारीकसे होते : प्रत्येक धागा आडवा तुटत नाही, तो उभा चिरला जातो. लाकडाचा ओंडका आडवा कापला तर दोन वेगळे तुकडे होतात. उभा चिरला तर टोकापासून टोकापर्यंत सारखी अशी दोन अर्धी मिळतात. धागा उभा चिरला जात असेल, तर दोन्ही लेकींना धाग्याच्या प्रत्येक ठिकाणचा वाटा मिळतो. केंद्रक विरघळत नाही, ते वाटले जाते. केंद्रक केंद्रकातूनच येते, असा निष्कर्ष त्यांनी काढला.

धाग्याला ग्रीकमध्ये ‘मिटोस’ म्हणतात, त्यावरून ‘मायटोसिस’. आपल्याकडे पारिभाषिक शब्द करणाऱ्यांनी ‘सूत्री विभाजन’ आणि ‘गुणसूत्र’ हे शब्द निवडले, त्यात तोच धागा आला आहे. पाठ्यपुस्तकातील अनेक शब्द मुलांना बोजड वाटतात, पण हा एक शब्द मूळ संशोधकाने जे पाहिले तेच डोळ्यांसमोर उभे करतो.

श्रेय एकट्याचे नाही

फ्लेमिंग यांना विभाजनाचे ‘शोधक’ म्हणणे थोडे सैल आहे. अँटोन श्नायडर यांनी १८७३ मध्ये चपट्या कृमीच्या पेशीत अशाच आकृत्या पाहिल्या होत्या. वनस्पतींमध्ये एडवर्ड श्ट्रासबुर्गर, प्राण्यांमध्ये ओटो ब्यूचली काम करत होते. पूर्वावस्था, मध्यावस्था ही आज पाठ करावी लागणारी टप्प्यांची नावे श्ट्रासबुर्गर यांच्याकडून आली आणि ‘क्रोमोसोम’ हा शब्द १८८८ मध्ये वाल्डेयर यांनी दिला. फ्लेमिंग यांचे वैशिष्ट्य असे, की त्यांनी सगळे टप्पे ओळीने लावले, ते पुढे जातात कसे हे जिवंत पेशीवर पडताळले आणि वेगवेगळ्या प्राण्यांत क्रम एकच आहे हे दाखवले. १८७८ पासूनचे लेख आणि १८८२ मध्ये लाइपझिगहून निघालेले पेशी, केंद्रक व पेशीविभाजन या विषयावरचे पुस्तक यांत हे काम आहे. सूक्ष्मदर्शकातून छायाचित्र काढण्याचे तंत्र तेव्हा कच्चे होते, म्हणून सगळा भार रेखाटनांवर. ती रेखाटने आजही पाठ्यपुस्तकांत छापली जातात. त्याच पुस्तकात माणसाच्या डोळ्याच्या पारपटलातील पेशींमधील गुणसूत्रांचेही चित्र होते.

काही गोष्टी मात्र चुकल्या. पेशीतील द्रव्यही तंतूंचेच बनलेले असते, असा त्यांचा सिद्धांत होता; तो टिकला नाही. धागे न दिसता केंद्रक थेट तुटते अशाही विभाजनाला त्यांनी नाव दिले, पण त्याला पुढे फारसे महत्त्व उरले नाही.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट त्यांच्या हातून निसटली. ते प्रागला होते तेव्हा तिथून सुमारे दोनशे किलोमीटरवरच्या ब्रुनो शहरातील मठात ग्रेगोर मेंडेल हयात होते. वाटाण्यावरील मेंडेल यांचा शोधनिबंध १८६६ मध्येच छापून झाला होता, पण त्याकडे कुणी लक्ष दिले नव्हते. गुण पिढ्यान् पिढ्या जपले जातात हे एकाला कळले होते, तर जपून वाटली जाणारी वस्तू दुसऱ्याला दिसली होती. या दोन गोष्टी जोडल्या गेल्या १९०२-०३ मध्ये, थिओडोर बोव्हेरी आणि वॉल्टर सटन यांच्या हातून. तेव्हा फ्लेमिंग आजारी होते. त्यांच्या लेखनात जे दिसले त्यापलीकडे जाण्याची घाई कुठेच नाही, हा त्यांचा गुण. पण आनुवंशिकतेच्या उंबऱ्यापर्यंत येऊन आत न जाण्याचे एक कारण हाच गुण असावा, असे वाटते.

कीलमधील माणूस

फ्लेमिंग यांनी लग्न केले नाही. कीलमध्ये ते बहीण क्लारासोबत राहत. शहरातील बेघरांना ते आठवड्यातून एकदा जेवू घालत, पगाराचा पाचवा हिस्सा निवाऱ्यांना देत आणि शाळेची फी परवडत नसलेल्या मुलांना गणित व विज्ञान शिकवत, असे त्यांच्या चरित्रांत सांगितले जाते.

संशोधन थांबले नव्हते. १८८५ च्या सुमारास त्यांनी लसिकाग्रंथी, म्हणजे आपण ज्यांना लिम्फ नोड म्हणतो त्या, तपासल्या. त्यांत गोल गोल पुंजके आणि पुंजक्याच्या मध्यभागी विभागणाऱ्या पेशींची गर्दी त्यांना दिसली. त्या जागेला त्यांनी ‘जर्मिनल सेंटर’ म्हणजे अंकुरण्याची जागा असे नाव दिले. रोगप्रतिकारक पेशी नेमक्या इथे तयार होतात हे नंतर कळले. हे जर्मिनल सेंटर लक्षात ठेवावे, पुढे त्याचे काम आहे. त्याच वर्षी अंडाशयातील पेशी स्वतःहून कशा मरतात, त्यांचे केंद्रक कसे तुकडे होऊन विरते, याचेही वर्णन त्यांनी केले. पेशीच्या या नियोजित मरणाला आज अपॉप्टोसिस म्हणतात. कर्कपेशी विभागतात जास्त आणि मरायचे विसरतात, या दोन्ही बाजूंची पहिली चित्रे एकाच माणसाच्या वहीत असावीत हे विलक्षण आहे.

शेवटची वर्षे मज्जासंस्थेच्या आजाराने खडतर गेली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्यांना अध्यापन सोडावे लागले. ४ ऑगस्ट १९०५ रोजी, वयाच्या ६२ व्या वर्षी, कीलमध्येच त्यांचे निधन झाले.

कर्करोगाशी गाठ कुणी घातली?

फ्लेमिंग यांनी निरोगी विभाजन दाखवल्यामुळे बिघडलेले विभाजन ओळखता येऊ लागले. बर्लिनमध्ये फिरशो यांचे सहायक डेव्हिड हान्सेमान यांनी १८९० मध्ये कर्करोगाच्या गाठींत असमान विभाजने होत असल्याचे नोंदवले; एका लेकीला जास्त धागे, दुसरीला कमी. १९१४ मध्ये बोव्हेरी यांनी समुद्री अर्चिनच्या अंड्यांवरील अनुभवातून असे मांडले, की गुणसूत्रांचा बिघडलेला वाटा हेच कर्करोगाचे मूळ असावे. विभाजनाला चालना देणारे आणि त्याला आवर घालणारे असे दोन्ही घटक गुणसूत्रांत असतील, असा त्यांचा तर्क होता. अॅक्सिलरेटर आणि ब्रेक म्हणून आज जी जनुके शिकवली जातात, ती सापडायला त्यानंतर अर्धशतकाहून अधिक काळ लागला.

दवाखान्यात मात्र फ्लेमिंग यांचे धागे लवकर पोहोचले. बायोप्सी रिपोर्टवर ‘ग्रेड’ लिहिलेली असते, ती तीन गोष्टींवरून ठरते : पेशी नळीसारख्या रचना किती करतात, केंद्रके किती वेडीवाकडी आहेत आणि विभागणाऱ्या पेशी किती दिसतात. प्रत्येकाला १ ते ३ गुण, बेरीज ३ ते ९. पाचपर्यंत ग्रेड एक, सहा-सात ग्रेड दोन, आठ-नऊ ग्रेड तीन. यातील विभागणाऱ्या पेशींची मोजणी, म्हणजे ‘मायटोटिक काउंट’, हे अक्षरशः फ्लेमिंग यांनी काढलेल्या आकृत्या सूक्ष्मदर्शकाखाली शोधून मोजण्याचे काम आहे.

यात एक अडचण आहे आणि ती इंजिनिअरिंग शिकलेल्यांना लगेच कळेल, कारण ती सॅम्पलिंगची आहे. माणसाच्या पेशीला एक पूर्ण चक्र करायला साधारण एक दिवस लागतो असे धरले, तर त्यात धागे दिसण्याचा काळ जेमतेम तासाभराचा. स्लाइड म्हणजे एका क्षणाचा फोटो. त्या क्षणी धावत असलेल्या पेशींपैकी अगदी थोड्याच धागे दाखवतात. फ्लेमिंग यांच्या काळी दोन विभाजनांमधल्या केंद्रकाला ‘विश्रांती घेणारे’ म्हणत. १९५३ मध्ये अल्मा हॉवर्ड आणि स्टीफन पेल्क यांनी या तथाकथित विश्रांतीचे भाग पाडले : तयारीचा जी-वन, डीएनएची प्रत काढण्याचा एस, पडताळणीचा जी-टू आणि मग प्रत्यक्ष विभाजनाचा एम. चक्राबाहेर स्वस्थ बसलेल्या पेशींच्या अवस्थेला पुढे जी-झिरो म्हटले गेले. धागे दिसत नसले तरी पेशी कामाला लागलेली असू शकते. ती ओळखायची कशी?

पुन्हा कील

१९८० च्या सुमारास कील विद्यापीठात योहानेस गेर्डेस, हाराल्ड श्टाइन आणि त्यांचे सहकारी वेगळ्याच कामात होते. हॉजकिन्स लिम्फोमा या कर्करोगाच्या पेशी नेमकेपणाने ओळखणारी अँटिबॉडी त्यांना हवी होती. एकाच प्रकारची अँटिबॉडी हवी तेवढी तयार करण्याचे तंत्र कोलर आणि मिलस्टाइन यांनी १९७५ मध्ये दिले होते. गेर्डेस यांच्या गटाने हॉजकिन्सच्या पेशींची केंद्रके उंदरांना टोचली आणि त्यातून निघालेल्या अँटिबॉडी ९६ खळग्यांच्या तबकडीत वाढवल्या. ६७ क्रमांकाच्या खळग्यातील अँटिबॉडी हॉजकिन्सपुरती मर्यादित नव्हती. ती माणसाच्या निरोगी ऊतकांवर टाकली तेव्हा जिथे पेशी वाढत असतात तेवढ्याच जागा रंगल्या : आतड्याच्या अस्तरातील वाढीचा थर, शुक्राणू बनवणाऱ्या पेशी आणि लिम्फ नोडमधील जर्मिनल सेंटर. शंभर वर्षांपूर्वी त्याच शहरातील फ्लेमिंग यांनी विभाजनांच्या गर्दीवरून जिला नाव दिले होते, तीच ही जागा.

हा शोधनिबंध १९८३ मध्ये आला. कीलचे ‘केआय’ आणि खळग्याचा क्रमांक ६७. पुढच्याच वर्षी गटाने दाखवले, की हे प्रथिन जी-वन, एस, जी-टू, एम या सगळ्या टप्प्यांत असते आणि जी-झिरोमध्ये नसते. मूळ अँटिबॉडी फक्त गोठवलेल्या ऊतकावर चालायची. गेर्डेस नंतर कीलच्याच प्रांतातील बोर्स्टेलला गेले आणि १९९२ मध्ये मेणात जपलेल्या नेहमीच्या बायोप्सीवर चालणारी ‘एमआयबी-वन’ अँटिबॉडी आली. तेव्हापासून ही तपासणी जगभरच्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये पसरली.

१९८३ मध्येच आणखी एक निबंध आला. टिम हंट यांना समुद्री अर्चिनच्या अंड्यांत दर विभाजनाआधी साठणारे आणि विभाजनाच्या वेळी नाहीसे होणारे प्रथिन सापडले, ते सायक्लिन. हार्टवेल आणि नर्स यांच्यासह त्यांना २००१ चे नोबेल मिळाले. सायक्लिन कुटुंबातील डी-वन हे प्रथिन स्तनाच्या सुमारे निम्म्या कर्करोगांत प्रमाणाबाहेर असते. ते सीडीके ४ आणि ६ या एन्झाइमना हाताशी धरून पेशीला चक्रात ढकलते. पाल्बोसिक्लिब, रायबोसिक्लिब, अबेमासिक्लिब ही औषधे याच दोन एन्झाइमना अडवतात. यापैकी पहिल्याला अमेरिकेत २०१५ मध्ये परवानगी मिळाली.

केआय-६७ नेमके करते काय, याचे एक महत्त्वाचे उत्तर २०१६ मध्ये मिळाले. विभाजनाच्या वेळी ते गुणसूत्रांभोवती वेष्टणासारखे बसते आणि त्यांना एकमेकांना चिकटू देत नाही. साबण तेलाचे थेंब सुटे ठेवतो तसे. फ्लेमिंग यांना सॅलॅमँडरच्या पेशीत धागे सुटे सुटे दिसले, त्यामागे अशीच व्यवस्था होती.

मग रिपोर्टमधील आकड्याचे काय?

आकडा जास्त म्हणजे गाठ वेगाने वाढणारी, हे ढोबळ मानाने खरे. पण २० टक्के आणि २५ टक्के यांत फरक आहे असे समजून झोप उडवून घेण्यात अर्थ नाही. एकाच गाठीच्या दोन कोपऱ्यांत आकडा वेगळा येऊ शकतो. किती पेशी मोजल्या, सर्वाधिक रंगलेली जागा निवडली की सरासरी काढली, ऊतक किती वेळात आणि कसे जपले, यावरही तो बदलतो. केआय-६७ वर काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटाने २०२१ मध्ये सांगितले, की हार्मोन-पॉझिटिव्ह, हर-टू निगेटिव्ह अशा सुरुवातीच्या टप्प्यातील कर्करोगात ५ टक्के वा त्याहून कमी आणि ३० टक्के वा त्याहून जास्त हे आकडे निर्णयासाठी भरवशाचे आहेत. मधला पट्टा धूसर. आणि अडचण अशी, की पुष्कळ रुग्णांचे आकडे नेमके याच पट्ट्यात येतात.

मर्यादा घालून दिली तर काय होते, हेही अमेरिकेत दिसले. ऑक्टोबर २०२१ मध्ये शस्त्रक्रियेनंतर अबेमासिक्लिब देण्यासाठी केआय-६७ किमान २० टक्के असण्याची अट औषध नियामकाने घातली होती. नंतरच्या माहितीतून कमी आकडा असलेल्यांनाही लाभ होतो असे दिसले आणि मार्च २०२३ मध्ये ती अट काढून टाकण्यात आली.

ट्रिपल निगेटिव्ह आणि हर-टू पॉझिटिव्ह प्रकारांत केआय-६७ बहुधा जास्तच असतो. तिथे उपचार गाठीचा प्रकार, आकार आणि काखेतील गाठी यांवरून ठरतात. हा आकडा बाजूला राहतो. विभागणाऱ्या पेशींवरच केमोथेरपीचा मारा बसतो, त्यामुळे वेगाने वाढणाऱ्या गाठी तिला अनेकदा चांगला प्रतिसाद देतात, हेही घरच्यांना सांगितले पाहिजे. पॅक्लिटॅक्सेल हे औषध तर धाग्यांना ओढून नेणाऱ्या तंतूंनाच जखडून टाकते.

काही वेळा एकाच आकड्यापेक्षा त्यातील बदल जास्त बोलतो. ब्रिटनमधील ‘पोएटिक’ या मोठ्या चाचणीत शस्त्रक्रियेपूर्वी दोन आठवडे हार्मोनविरोधी गोळ्या दिल्यानंतर ज्यांचा केआय-६७ खाली आला, त्यांच्यात कर्करोग उलटण्याचे प्रमाण कमी आढळले. ज्यांचा वरच राहिला त्यांच्यात ते जास्त होते.

रिपोर्टबद्दल शंका असेल तर नवी बायोप्सी करावीच लागते असे नाही. पहिल्या बायोप्सीचा मेणातील ठोकळा, म्हणजे ‘ब्लॉक’, आणि स्लाइड लॅबमध्ये जपून ठेवलेल्या असतात. त्या मागून घेता येतात आणि दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टकडून पुन्हा तपासून घेता येतात. मुंबईच्या टाटा मेमोरियलसारख्या कर्करोग रुग्णालयांत बाहेरून आलेल्या रुग्णांना स्लाइड आणि ब्लॉक सोबत आणायला सांगतात, ते यासाठीच. डॉक्टरांना विचारताना केआय-६७ किती आहे यासोबत तो किती पेशी मोजून काढला आणि उपचाराचा कोणता निर्णय त्यावर अवलंबून आहे, हे दोन प्रश्न जरूर विचारावेत. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘कोणताच नाही’ असेही येऊ शकते.